नाव नसलेला कथाकार : दासरी सुब्रह्मण्यम् आणि ‘चांदोबा’

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दरूप)



जगातील अद्भुतकथेच्या इतिहासात १९५४ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकथेचा पहिला खंड लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आज टॉल्किन यांचे नाव इंग्रजी न येणाऱ्या मुलांनाही ठाऊक असते. त्यांचे चरित्र लिहिले गेले, पत्रव्यवहार छापला गेला, त्यांच्या कथेवर कोट्यवधींचे चित्रपट निघाले.

त्याच १९५४ साली मद्रास शहरातून निघणाऱ्या एका मासिकात एकवीस-बावीस वर्षांच्या एका तरुणाची पहिली अद्भुत कादंबरी क्रमशः छापली जाऊ लागली. कादंबरीचे नाव ‘तोकचुक्क’. तेलुगूत ‘तोक’ म्हणजे शेपूट आणि ‘चुक्क’ म्हणजे तारा. मराठीत ज्याला शेंडेनक्षत्र म्हणतात, तो धूमकेतू. आकाशात उगवलेले ते शेंडेनक्षत्र, कुंडलिनी नावाचे बेट, समुद्रमोहिमेवर निघालेला समरसेन, एकाक्षी आणि चतुर्नेत्र हे एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन मांत्रिक, अशी ती कथा. हजारो मुलांनी ती वाचली. मग त्याच लेखकाची दुसरी आली, तिसरी आली, आणि अशा बारा कादंबऱ्या सुमारे पाव शतक येत राहिल्या. तेलुगू, तमिळ, कन्नड, हिंदी, मराठी, मल्याळम, गुजराती, ओडिया अशा भाषांतील मुले एकाच महिन्यात एकाच राक्षसाला भीत होती. मराठी मुलांनी त्या ‘चांदोबा’त वाचल्या.

त्या लेखकाचे नाव मात्र पानावर कोठेही नव्हते. दासरी सुब्रह्मण्यम् हे ते नाव.

ज्यांचे बालपण पन्नास, साठ आणि सत्तरच्या दशकांत गेले, त्यांना ‘चांदोबा’ची ओळख करून देण्याचे कारण नाही. वाचनालयाच्या तासाला गुरुजींनी कपाट उघडले की सर्वप्रथम हात जात तो त्या रंगीत मुखपृष्ठावर. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम राजा, त्याच्या हातातील तलवार आणि वेताळाचा प्रश्न हे चित्र ज्या मुलाने एकदा पाहिले, ते पुढे आजोबा झाले तरी विसरले नाही. शेवटी दोन छायाचित्रांना जोडमथळे सुचवण्याची स्पर्धा असे. आणि या सर्वांच्या मध्ये क्रमशः कथा असे. ती ऐन संकटाच्या क्षणी थांबे आणि मुलाला पुढचा पूर्ण महिना त्या संकटात अडकवून ठेवी. नवा अंक आला की मोठ्या वर्गातील मुले तो आधी पळवत आणि लहानांच्या वाट्याला तो कोपरे दुमडून येई, हे अनेक शाळांतील चित्र होते.

ही क्रमशः कथा कोण लिहीत असे, हा प्रश्न त्या वयात कोणाला पडत नाही. आजीच्या गोष्टीचा लेखक कोणी विचारत नाही, तसेच ते होते. परंतु आजीची गोष्ट परंपरेने आलेली असते. ‘चांदोबा’तील कथा मात्र दरमहा कोणीतरी टेबलाशी बसून, मुदतीच्या दडपणाखाली, पाने मोजून लिहिलेली होती. त्या टेबलाशी बसलेल्या माणसाचा हा परिचय आहे.

दासरी सुब्रह्मण्यम् यांचा जन्म १९३२ सालचा. गाव चिनगादेलवर्रु, आंध्रातील गुंटूर जिल्ह्यात, तेनालीच्या परिसरात. तेनाली म्हटले की मराठी वाचकाला विजयनगरच्या दरबारातील तेनाली राम आठवतो. तेलुगू भाषकांना मात्र हे गाव नाटककारांचे, नटांचे, लेखकांचे आणि मुद्रकांचे गाव म्हणूनही ठाऊक आहे. ‘चांदोबा’च्या इतिहासात तेनालीचे स्थान विशेष. मासिकाचे संस्थापक संपादक चक्रपाणी तेनालीचे, त्याची भाषा घडवणारे कोडवटिगंटि कुटुंबराव तेनालीचे आणि त्याच्या अद्भुत कादंबऱ्या लिहिणारे सुब्रह्मण्यम् हेही त्याच मातीतले.

मासिकाची स्थापना जुलै १९४७ ची, म्हणजे स्वातंत्र्याला महिना उरला असतानाची. बी. नागिरेड्डी हे मुद्रणव्यवसायातून पुढे आलेले कल्पक उद्योजक. चक्रपाणी हे त्यांचे मित्र आणि भागीदार. मूळ नाव आलूरि वेंकट सुब्बाराव. बंगाली शिकून शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या तेलुगूत आणणारा हा रसिक अनुवादक. या दोघांनी तेलुगूत ‘चंदमामा’ आणि पाठोपाठ तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ सुरू केले. १९४९ मध्ये कन्नड आणि हिंदी आवृत्त्या आल्या. १९५२ मध्ये मराठी आवृत्ती आली आणि तिचे नाव ‘चांदोबा’ ठेवले गेले. इतर भाषांत तो मामा राहिला, मराठीत मात्र चांदोबा झाला. मराठी आई मुलाला घास भरवताना ज्याला हाक मारते, तोच. बाहेरून आलेले मासिक मराठी घरात एका शब्दाने आपले झाले.

हेच दोघे मित्र चित्रपटांतही होते. त्यांच्या विजया संस्थेने १९५१ मध्ये ‘पाताळभैरवी’ आणि १९५७ मध्ये ‘मायाबझार’ हे चित्रपट काढले. ‘मायाबझार’ची कथा म्हणजे मराठी माणसाला परिचित असलेले वत्सलाहरण. दोन्ही चित्रपटांत एस. व्ही. रंगाराव होते, एकात कपटी मांत्रिक आणि दुसऱ्यात घटोत्कच. अर्थात मद्रासच्या या वर्तुळात मांत्रिक, माया आणि पाताळ हा दररोजच्या कामाचा विषय होता. पडद्यावरचे अद्भुत प्रौढांसाठी होते, कागदावरचे मुलांसाठी.

सुब्रह्मण्यम् १९५२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ‘चंदमामा’च्या संपादकवर्गात दाखल झाले. मराठी ‘चांदोबा’ निघाला तेच हे वर्ष. त्या वर्षीचे मद्रास समजून घेतल्याशिवाय या कामाचे मोल लक्षात येत नाही. मद्रास तेव्हा तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम भाषकांच्या एकत्रित प्रांताची राजधानी होती. तेलुगू भाषकांच्या स्वतंत्र राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलु यांनी याच शहरात उपोषण केले आणि १५ डिसेंबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले, परंतु मद्रास शहर त्यात आले नाही. मद्रास कोणाचे, हा वाद रस्त्यावर होता. पुढे चारच वर्षांत मुंबई कोणाची, या प्रश्नावर महाराष्ट्र पेटला.

अशा काळात त्याच मद्रासमध्ये एका संस्थेत तेलुगू, तमिळ, कन्नड, हिंदी, मराठी विभाग शेजारी शेजारी बसून एकच अंक निरनिराळ्या भाषांत सिद्ध करीत होते. कथा मुळात तेलुगूत लिहिली जाई. तेथून ती प्रत्येक भाषेच्या अनुवादकाकडे जाई. चित्रे मात्र सर्वांना एकच. अक्षरे बदलत, पानाची मांडणी तशीच राही. पुढे वडपलनी भागातील ‘चंदमामा’ची वास्तू लोकांच्या ओळखीची झाली. तेथे हे काम दशकानुदशके चालले.

या कामाची शिस्त कडक होती. संपादक म्हणून नाव चक्रपाणींचे असले तरी दररोजचे लेखनसंस्कार कुटुंबरावांच्या हातून होत. तेही १९५२ मध्येच येथे आले आणि १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. कुटुंबराव हे आधुनिक तेलुगू कथेतील मोठे नाव. विचारांनी मार्क्सवादी, शिक्षणाने विज्ञानाचे विद्यार्थी. मुलांसाठी लिहिताना त्यांची अट एकच असे : वाक्य सरळ हवे आणि घटना पुढे सरकायला हवी. लोककथा असो, पुराणकथा असो वा परदेशी कथा, तिच्यातील भरताड काढून टाकले जाई आणि ती एकाच सुबोध भाषेत उतरवली जाई. त्यामुळे अंकातील कोणतेही पान वाचले तरी बोलणारा आवाज एकच वाटे. त्या आवाजाचे नाव ‘चांदोबा’. लेखकाचे नाव न छापण्याच्या प्रथेमागे हा विचार होता. मुलाशी बोलणारा एकच असावा, त्याच्यामागे उभे असलेले मुलाला दिसू नयेत.

सुब्रह्मण्यम् यांनी या चौकटीत राहून लिहिले, आणि चौकटीचा उपयोगही करून घेतला. त्यांच्या कादंबऱ्यांची नावे क्रमाने पाहावीत. ‘तोकचुक्क’नंतर ‘मकरदेवता’, ‘मुग्गुरु मांत्रिकुलु’ म्हणजे तीन मांत्रिक, ‘कंचुकोट’ म्हणजे काशाचा किल्ला, ‘ज्वालाद्वीपम्’, ‘राकासिलोय’ म्हणजे राक्षसी दरी, ‘पाताळदुर्गम्’, ‘शिथिलालयम्’ म्हणजे भग्न देवालय, ‘रातिरथम्’ म्हणजे दगडी रथ, ‘यक्षपर्वतम्’, ‘मायासरोवरम्’ आणि अखेरची ‘भल्लूकमांत्रिकुडु’, म्हणजे अस्वल-मांत्रिक. ही नावे वाचतानाच एक नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो : बेट, दरी, किल्ला, पर्वत, सरोवर, भग्न मंदिर. परंतु हा नकाशा भारताच्या कोणत्याही प्रांताचा नाही.

येथेच त्यांच्या कल्पकतेचे वर्म सापडते. त्यांच्या नायकांची नावे पाहावीत. चंद्रवर्मा, केशव आणि जयमल्ल, धूमक आणि सोमक, शिखिमुखी आणि विक्रमकेसरी, खड्गवर्मा आणि जीवदत्त, जयशील आणि सिद्धसाधक. मांत्रिकांची नावे एकाक्षी, चतुर्नेत्र, ब्रह्मदंडी. राक्षस उग्राक्ष. ही सर्व नावे संस्कृत घडणीची आहेत आणि म्हणून तेलुगू मुलाला ती जितकी आपली वाटतात, तितकीच मराठी, गुजराती किंवा ओडिया मुलाला. शीर्षकाचा अनुवाद करावा लागे, नायकाचा नाही. ज्या काळात प्रत्येक भाषा आपल्या सीमा आखून घेत होती, त्या काळात या तरुण लेखकाने सर्व भाषांना एकाच वेळी आपली वाटेल अशी भूमी रचली. मराठी मुलाला ब्रह्मदंडीची गुहा आपल्याच सह्याद्रीच्या एखाद्या घळीत आहे असे वाटे. गुंटूरच्या मुलाला ती नल्लमलाच्या डोंगरात दिसत असणार.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे जोडनायक. त्यांच्या बऱ्याच कादंबऱ्यांत नायक एकटा नसतो, दोन मित्र एकत्र वाट चालतात. ‘शिथिलालयम्’मधील शिखिमुखी अरण्यवासी जमातीतील तरुण आणि विक्रमकेसरी नगरातून आलेला. एक पायवाटा ओळखतो, दुसरा शस्त्र. क्रमशः लेखनात ही योजना फार उपयोगी पडते. एक संकटात असला की दुसरा शोधात असतो, त्यामुळे कथा दोन धाग्यांनी पुढे जाते. मुलांच्या मनावरही तिचा परिणाम वेगळा होतो. पराक्रम ही एकट्याची मालमत्ता राहत नाही.

तिसरे म्हणजे मांत्रिकांचे चित्रण. या कथांतील मांत्रिक भयंकर असतात, परंतु सर्वशक्तिमान नसतात. त्यांना भूक लागते, राग येतो, हाव सुटते, आणि एका मांत्रिकाला दुसऱ्या मांत्रिकाचे भय असते. मंत्र ऐन वेळी फसतो. नायकाजवळ बहुधा मंत्र नसतोच. त्याच्याजवळ धनुष्य, प्रसंगावधान आणि मित्र असतो, आणि तेवढ्यावर तो जिंकतो. मार्क्सवादी संपादकाच्या हाताखाली मांत्रिकांच्या कथा कशा लिहिल्या गेल्या, याचे नवल वाटणाऱ्यांना येथे उत्तर सापडते. या कथा वाचून मूल मंत्रावर विश्वास ठेवायला शिकत नाही. मंत्रवाल्याला न भिण्याची सवय त्याला लागते. पालक कधी कधी विचारतात की भुताखेतांच्या गोष्टी मुलांना द्याव्यात की नाहीत. बारा कादंबऱ्यांचा हा संसार त्या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर आहे.

या कथा कोठून आल्या? काही सर्वस्वी त्यांच्या कल्पनेतून आल्या, काहींना दूरचे मूळ होते. ‘मुग्गुरु मांत्रिकुलु’ची आरंभीची घडण अरबी सुरस कथांतील जुदर आणि त्याचे भाऊ या कथेची आठवण करून देते. आपले हात बांधून सरोवरात टाक, असे मासे धरणाऱ्या तरुणाला सांगणारे जादूगार, धाकट्याचा मत्सर करणारे थोरले भाऊ, दडलेला अद्भुत ठेवा, हे सारे तेथे आहे. कैरोच्या परिसरातील तो तरुण येथे भारतीय नाव घेतो, मगरेबी जादूगार पिंगल-पद्मपादांच्या परिवारात येतात आणि कथा नव्या दिशेने वाढत जाते. मराठी वाचकाला हा मार्ग अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, तेव्हापासून ‘सुरस आणि चमत्कारिक’ हा मराठीचा वाक्प्रचारच होऊन बसला. त्याच सुमारास, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा सुरू झाली. पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ घराघरांत वाचली गेली. मद्रासहून आलेली कथा या परंपरेला येऊन मिळाली, म्हणून ती परकी वाटली नाही.

क्रमशः कथा लिहिणे हे दिसते तितके सोपे काम नाही. प्रत्येक हप्त्याला ठरावीक पाने. जवळजवळ प्रत्येक पानावर चित्र, म्हणजे प्रत्येक पानात चित्र काढण्याजोगी एक घटना हवी. हप्त्याच्या आरंभी मागील कथेचा सारांश चार-सहा ओळींत, कारण एखाद्या मुलाचा मागचा अंक हुकलेला असू शकतो. आणि शेवटी थांबा असा हवा की मुलाने तीस दिवस वाट पाहावी. मागे लिहिलेले बदलता येत नाही, ते छापून अनेक प्रांतांत गेलेले असते. नायकाला ज्या विहिरीत ढकलले, तेथून त्याला बाहेर काढण्याची जबाबदारी लेखकाची. एकेक कादंबरी अशी एक-दोन वर्षे, काही त्याहूनही अधिक काळ चाले.

या कथांना चेहरा दिला तो टी. वीरराघवन यांनी. ‘चित्रा’ या नावाने ते चित्रे काढीत. राक्षसांची अंगयष्टी, मांत्रिकांच्या जटा, गेंड्यासारख्या प्राण्यांच्या पाठीवरील स्वार यांचे जे रूप वाचकांच्या मनात कायमचे ठसले, ते त्यांच्या कुंचल्याचे. विक्रम-वेताळाचे चित्र के. सी. शिवशंकरन् यांचे, म्हणजे वाचकांच्या ओळखीच्या ‘शंकर’ यांचे. शंकर २०२० मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असे. तीक्ष्ण नजरेच्या मुलांनी ती वाचलेली असे. म्हणजे एकाच पानावर चित्रकाराला नाव होते आणि लेखकाला नव्हते.

‘चंदमामा’च्या जुन्या वर्तुळात एक हकीकत सांगितली जाते. साठच्या दशकात चक्रपाणींना वाटले की मांत्रिक-राक्षस पुष्कळ झाले, आता मुलांना काही अभिजात द्यावे. क्रमशः कथेच्या जागी बंकिमचंद्रांच्या ‘दुर्गेशनंदिनी’चा अनुवाद आला. कादंबरी थोर, लेखक थोर, नाव छापण्याजोगे. परंतु खप उतरू लागला आणि सुब्रह्मण्यम् यांना पुन्हा लिहावयास सांगण्यात आले. ‘राकासिलोय’ आणि ‘पाताळदुर्गम्’ यांच्यामध्ये जी पोकळी दिसते, ती या प्रसंगाची मानली जाते. यात बंकिमचंद्रांचा उणेपणा नाही. प्रौढांसाठी लिहिलेली प्रणयकथा दहा वर्षांच्या मुलाला महिनाभर जागे ठेवू शकत नाही, इतकेच. निनावी लेखकाची किंमत वाचकांनी अशी मोजून दिली. गंमत अशी की ज्याच्यासाठी ते थांबले होते, त्याचे नाव त्यांना ठाऊकच नव्हते.

चक्रपाणी १९७५ मध्ये गेले, कुटुंबराव १९८० मध्ये. याच सुमारास सुब्रह्मण्यम् यांच्या अद्भुत कादंबऱ्यांचे पर्व संपले आणि मासिकात पौराणिक क्रमशः कथांचा भर वाढला. सुब्रह्मण्यम् संस्थेत राहिले. कथा निवडणे, तपासणे, पुनर्लेखन करणे हे काम ते करीत राहिले. ज्याने बेटे आणि पर्वत उभारले, तो आता इतरांची वाक्ये नीट करीत होता. १९९८ मध्ये मासिकाचे प्रकाशन खंडित झाले, पुढील वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले. २००७ मध्ये त्याची मालकी मुंबईच्या एका संगणक-व्यवसायातील कंपनीकडे गेली आणि त्यानंतर काही वर्षांत ते कायमचे थांबले. सुब्रह्मण्यम् यांनी २००६ च्या सुमारास मद्रास सोडले. त्यांनी आले तेव्हाचे मद्रास सोडले नाही, चेन्नई सोडली. शहराचे नाव बदलण्याइतका काळ, चोपन्न वर्षे, त्यांनी एका मासिकापाशी घालवला होता. २७ जानेवारी २०१० रोजी विजयवाडा येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या काळात तेलुगू वाचकांत एक घटना घडली. पन्नास-साठच्या दशकातील मुले आता निवृत्तीच्या वयाला आली होती. जुने अंक शोधताना त्यांना लहानपणी न पडलेला प्रश्न पडला : हे कोणी लिहिले? उत्तर मिळाले, तेव्हा त्यांच्यावर लेख आले, आठवणी लिहिल्या गेल्या आणि या कादंबऱ्या त्यांच्या नावाने पुस्तकरूपात आल्या. अर्धशतकापूर्वीच्या कथेवर लेखकाचे नाव प्रथमच छापले गेले. परंतु त्यातील बरेचसे त्यांच्या पश्चात झाले.

या जीवनाकडे कसे पाहावे? एक दृष्टी अशी की हा अन्याय आहे. ज्या लेखनावर मासिकाची लोकप्रियता उभी होती, त्याच्या लेखकाला ना नाव, ना पुस्तक, ना वाचकांची पत्रे. टॉल्किनना वाचकांची पत्रे येत, त्यांवर ते उत्तरे लिहीत आणि त्यातून त्यांचे जग अधिक विस्तारत जाई. सुब्रह्मण्यम् यांना हा आधार मिळाला नाही. दुसरी दृष्टी अशी की निनावीपणाशिवाय हे लेखन झालेच नसते. स्वतःचे नाव मिरवायचे नसल्यामुळेच त्यांना सर्व भाषांतील मुलांना आपले वाटेल असे लिहिता आले. नाव छापले असते तर कथा तेलुगू ठरली असती आणि मराठी मुलाच्या हातात ती अनुवाद म्हणून आली असती. ‘चांदोबा’ मराठीच वाटला, याचे एक कारण त्यात कोणाचेच नाव नव्हते हे आहे.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. मुलासमोर नाव नसणे योग्य असू शकेल, परंतु मुले मोठी होतात. मोठ्या झालेल्या वाचकाला ते नाव कळायला हवे होते. कथा लिहिली जात असतानाचे मौन ही संपादकांची रीत होती. त्यानंतरच्या तीस वर्षांचे मौन हे मात्र सर्वांचे विस्मरण होते.

मराठी वाचकाच्या बाबतीत हे विस्मरण दुहेरी आहे. कारण सुब्रह्मण्यम् यांच्या तेलुगूतून ‘चांदोबा’ची मराठी घडवणारे अनुवादकही निनावीच राहिले. मद्रासमध्ये, आजूबाजूला मराठी क्वचितच कानी पडेल अशा वस्तीत राहून, दरमहा त्यांनी मराठी मुलांसाठी वाक्ये लिहिली. ज्या वयात मुलाला आपल्या भाषेत अखंड, सलग, मोठी कथा वाचण्याची सवय लागते, त्या वयात त्यांची भाषा त्याच्या हातात होती. ‘किशोर’ निघाला तो १९७१ मध्ये. त्यापूर्वीच्या वीस वर्षांत ‘आनंद’सारख्या जुन्या मासिकांच्या जोडीने ‘चांदोबा’ने हे काम केले. मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकलेल्या अनेकांच्या वाचनाचा पाया तेथे घातला गेला. पाठ्यपुस्तकाने अक्षरओळख दिली. पान उलटण्याची घाई ‘चांदोबा’ने लावली.

एखाद्या शाळेचा हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षांच्या अशाच कामाची मोजदाद असते. यशस्वी माजी विद्यार्थ्यांची नावे फलकावर येतात आणि यावीत. पण पहिलीच्या वर्गात अंगठा धरून ‘अ’ गिरवून घेणाऱ्या बाईंचे नाव, वाचनालयाचे कपाट उघडून देणाऱ्या गुरुजींचे नाव, हे अनेकदा मुलांना ‘बाई’ आणि ‘गुरुजी’ एवढेच ठाऊक असते. मुलांना तेवढेच पुरते. मोठ्यांना ते पुरू नये.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी एक लहानशी सूचना आहे, आणि तिला खर्च नाही. अनेक मराठी शाळांच्या कपाटांत आणि अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी ‘चांदोबा’चे जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. ते बाहेर काढावेत. या बारा कादंबऱ्यांपैकी एखादी ज्यात छापली आहे असा अंक घ्यावा, तिचे पान उघडावे आणि कथेच्या नावाखाली पेन्सिलीने लिहावे : लेखक, दासरी सुब्रह्मण्यम्. मग तो अंक एखाद्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावा आणि त्याला वाचू द्यावे. त्याने नावाकडे लक्ष दिले नाही तरी हरकत नाही. चाळीस वर्षांनी त्याला प्रश्न पडेल, तेव्हा उत्तर त्याच पानावर असेल.